अमेरिकेच्या मोटारहोमला टाळ्या, आणि आपल्या फौजीच्या पोराला 'जागा नाही'

पोस्ट मोठी आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण तालुक्यात जवळजवळ प्रत्येक भावकीत एक तरी माणूस मिलिटरीत आहे.

आठवडाभर एक व्हिडिओ आपल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मला एकट्यालाच सात जणांनी पाठवला. अमेरिकेच्या नौदलातला एक माणूस, त्याची बायको, तीन पोरं आणि एक कुत्रा. बदली झालीय. कॅलिफोर्नियातलं सॅन दिएगो सोडून व्हर्जिनियातल्या नॉरफोकला निघालेत. देशाच्या एका किनाऱ्यावरून थेट दुसऱ्या किनाऱ्यावर, चार हजार किलोमीटरहून जास्त. आणि निघालेत मोटारहोममधून, म्हणजे चाकावरच्या घरातून. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास. धाकटी पोरगी खिडकीत बसून चित्र काढतेय, आई टेबलावर पाव कापतेय, बाप गाडी चालवतोय.

खाली आपल्या लोकांच्या कमेंट. 'याला म्हणतात सैनिकाचा सन्मान.' 'आपल्याकडं कधी होणार असं?' 'लय भारी.' एकाने तर लिहिलं, 'अमेरिका आपल्या जवानाला चाकावरचं घर देते, आपण काय देतो?'

प्रश्न चांगला आहे. पण त्यातलं पहिलं वाक्य चूक आहे आणि दुसऱ्याचं उत्तर आपल्याला झोंबणारं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी गाडीचं सांगतो. ती गाडी अमेरिकन सरकारने दिलेली नसते. या लोकांनी ती स्वतः घेतलेली असते, बहुतेक वेळा कर्ज काढून. मोठं मोटारहोम लिटरला तीन-चार किलोमीटर चालतं. म्हणजे त्या एका फेरीत हजारभर लिटर इंधन सहज जळतं. त्यांच्याकडे दर दोन-चार वर्षांनी बदली ठरलेली, तिला ते पीसीएस म्हणतात. सरकार सामान हलवायला कंपनी लावून देतं, नाहीतर सांगतं की तुमचं तुम्ही हलवा, आम्हाला जेवढा खर्च आला असता त्या हिशोबाने पैसे देऊ. दुसरा रस्ता घेतला की वजनाच्या पावत्या जोडाव्या लागतात. आपल्या कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर भरलेला आणि रिकामा असा दोनदा तोलतात ना, तसंच. वजनाची मर्यादाही हुद्द्याप्रमाणे. सगळ्यात खालच्या हुद्द्याच्या कुटुंबवाल्या शिपायाला ८००० पौंड, कर्नलला १८०००. म्हणजे पायरी बघून सोफा मोजायची पद्धत तिकडेही आहे.

मग घर चाकावर घेऊन फिरायची हौस का? हौस थोडी, नाइलाज जास्त. नव्या ठिकाणी क्वार्टर लगेच मिळत नाही, वेटिंग असतं. हॉटेलात पाच माणसं आणि कुत्रा घेऊन किती दिवस राहणार? सामान नेणाऱ्या कंपन्या खोकी फोडतात, उशिरा आणतात, कधी हरवतात. ही बोंब तिकडे इतकी वाढली की २०२१ मध्ये संरक्षण खात्याने सगळं काम एकाच मोठ्या कंपनीकडे सोपवायचा करार केला. तिलाही जमेना, म्हणून जून २०२५ मध्ये तो करार रद्द करून टाकला. अशा कारभारात एखादी आई म्हणते की माझ्या पोरांचा पलंग तरी माझ्याबरोबर राहू दे. ते मोटारहोम म्हणजे त्या बाईने स्वतःपुरतं काढलेलं उत्तर आहे. त्याला सरकारी सन्मान म्हणून टाळ्या वाजवायचं कारण नाही.

आता टाळ्या वाजवण्यासारखी गोष्ट सांगतो. ती व्हिडिओत दिसत नाही, कारण ती एका फायलीत आहे.

हे कुटुंब नॉरफोकला पोचल्यावर आई पोरांना घेऊन जवळच्या सरकारी शाळेत जाते. हातात जुन्या शाळेने दिलेल्या कागदांच्या साध्या प्रती. त्या शाळेला 'मूळ कागद येऊ द्या, मग बघू' असं म्हणता येत नाही. हातातल्या कागदावर पोराला वर्गात बसवावं लागतं. पक्के कागद जुन्या शाळेने कामाच्या दहा दिवसांत पाठवायचे. एखादी लस राहिली असेल तर ती घ्यायला तीस दिवस. जुन्या शाळेत पोर ज्या इयत्तेत होतं त्याच इयत्तेत बसवायचं, मग या राज्यात वयाचा नियम वेगळा असला तरी. बारावीला असेल आणि नव्या राज्यात एखादा विषय वेगळा सक्तीचा असेल, तर त्यापायी त्याचं वर्ष अडवायचं नाही, वाट काढायची. बाप मोहिमेवर निघणार असेल किंवा सुट्टीवर आला असेल, तर पोराची रजा मंजूर करायची सोयही त्यात आहे.

हे कुणा हेडमास्तरांच्या चांगुलपणावर चालत नाही. लष्करी कुटुंबांच्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याराज्यांनी आपसात केलेला करार आहे. २००८ मध्ये तो लागू झाला आणि २०१४ पर्यंत सगळी पन्नासच्या पन्नास राज्यं त्यात आली. लक्षात घ्या, तिकडेही शाळा हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याचा अभ्यासक्रम वेगळा, नियम वेगळे, अहंकार वेगळे. तरी सगळी एका कागदावर आली.

तिकडे सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. तो करार फक्त सरकारी शाळांना लागू आहे. शिवाय तिकडच्या फौजीचं पोर बारावी होईपर्यंत सहा ते नऊ शाळा बदलतं, हे त्यांचंच संरक्षण खातं सांगतं. त्या पोरांचे मित्र तुटतात ते तुटतातच. पण दाखल्यापायी कुणी घरी बसू नये एवढं तरी त्यांनी बघितलं.

आता आपल्याकडे या.

कुणा तिऱ्हाईताची नाही, माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. गावाचं, शाळांचं नाव घेत नाही. कारण प्रश्न एका शाळेचा असता तर फोनवरच मिटवला असता.

आमचे दाजी पायदळात हवालदार. अडीच वर्षं जालंधरला होते. बहीण आणि दोन्ही मुलं तिथंच, मुलं केंद्रीय विद्यालयात. सप्टेंबरमध्ये ऑर्डर आली, दाजींची युनिट ईशान्येकडे फील्डला. फील्डला कुटुंब नेता येत नाही. 'मग जालंधरलाच राहायचं की' असं म्हणणारे भेटतील. तशी सोय असते, पण इकडे बहिणीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बघणारं दुसरं कोण? म्हणून ती दोन पोरं घेऊन गावाकडे आली.

तिचं मोटारहोम कसलं होतं सांगू? झेलम एक्सप्रेसचा स्लीपर. वॉरंटवर तिकीट काढलेलं, दोन रात्री, पुण्यापर्यंत. बरोबर पाण्याचा कॅन, पराठे, सासूबाईंच्या औषधाची पिशवी आणि शाळेचे कागद ठेवलेली एक प्लॅस्टिकची फाइल. ती फाइल तिने दोन रात्री उशाला घेतली. चार काळ्या पेट्या, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. मोटारसायकल टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून पार्सलला लावलेली. पेट्या तीन आठवड्यांनी आल्या. पोरांची स्वेटरं त्याच पेट्यांत.

बदलीचे पैसे मिळतात, हे खरं आहे. केंद्राच्या नियमाने मूळ पगाराच्या ८० टक्के एकरकमी बदली अनुदान आणि सामानाचं भाडं वेगळं. सामानाची मर्यादा इथेही पायरीप्रमाणे, खालच्या पायरीला १५०० किलो, वरच्या पायरीला ६०००. पैशाबद्दल माझ्या बहिणीची तक्रार नाही. ती म्हणाली, 'दादा, सामान उशिरा आलं तर चालतंय. पोरांची शाळा उशिरा झाली तर काय करू?'

धाकटी चौथीत. तिला घेऊन बहीण गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली. बाईंनी कागद बघितले, पोरीकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'बस गं तिकडं खिडकीपाशी. कागदाचं आपण बघू.' दहा मिनिटांत पोरगी वर्गात. त्या बाईंना माझा दंडवत. दोन वर्ग एकटीने सांभाळणारी ती बाई. तिला ना कुठला करार माहीत, ना पन्नास राज्यं.

थोरला नववीत. इथून खरी कथा सुरू.

पहिली शाळा म्हणाली, जागा नाही. सत्राच्या मध्येच आलात, जूनमध्ये यायचं होतं. आता फौजेने युनिट हलवायच्या आधी आपल्या तालुक्यातल्या शाळेचं वेळापत्रक मागवायचं, असा नियम करायला हवा.

दुसरी शाळा म्हणाली, दाखला परराज्यातला आहे, त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी आणा. म्हणजे बहिणीने सासूला सोडून पुन्हा दोन रात्री प्रवास करायचा, एक सही घ्यायची आणि परत यायचं. दाजी कुठे? जिथे फोन लागायचीही मारामार तिथे. क्लार्क पुढे म्हणाला, 'आणि मॅडम, ऑनलाइनला जुन्या शाळेने नाव सोडल्याशिवाय आम्हाला ओढता येत नाही.' जुन्या शाळेने नाव कधीच सोडलं होतं. पोरगा पोर्टलच्या ड्रॉप बॉक्समध्ये पडून होता. तिकडे बघायला इथे कुणाला सवड नव्हती.

तिसरी शाळा जरा मोकळी बोलली. संस्थेचे एक पदाधिकारी म्हणाले, 'पोराचं मराठी कच्चं आहे. पुढच्या वर्षी दहावी. आमचा निकाल शंभर टक्के असतो, तो पडायला नको.' आणि मग थोडं थांबून, 'बघू, इमारत निधीचं काही जमत असेल तर.'

लक्षात येतंय का? कच्च्या मराठीवरही इमारत निधीचं औषध लागू पडतं.

पोरगा ४१ दिवस घरी बसला. आजीला पाणी देतोय, दारातल्या शेळ्या बघतोय, दुपारी माळ्यावर एकटाच बसतोय. एक दिवस मला म्हणाला, 'मामा, मी नापास झालोय का?' जालंधरला वर्गात पहिल्या पाचांत असलेलं पोर ते.

शेवटी प्रवेश कसा झाला? मी फोन केला. एका संस्थेच्या संचालकाला, ज्यांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं छापत आलोय. दुसऱ्या दिवशी जागा निघाली. प्रतिस्वाक्षरी नाही, निधी नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही, मला त्याची लाज वाटते. नियमाने जे मिळायला हवं होतं ते मी ओळखीने घेतलं. आणि ज्या फौजीच्या बायकोचा भाऊ पत्रकार नाही, तिचं काय झालं असेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आता काही जण म्हणतील, कायदा आहे की. आहे ना, मीही तो काढून वाचला. शिक्षण हक्क कायदा, २००९. त्याचं कलम ५ सांगतं की मुलाला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे, मुख्याध्यापकाने दाखला लगेच द्यायचा आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. फार चांगलं कलम. पण त्याला दोन भोकं आहेत. एक, हा कायदा आठवीपर्यंतच. नववीतलं पोर त्यातून खाली पडतं. दोन, बदलीचा हा हक्क विनाअनुदानित खासगी शाळांवर चालत नाही. आता आपल्या तालुक्यात नववी ते बारावीच्या किती शाळा उरतात ते बोटांवर मोजा.

केंद्रीय विद्यालयं आहेत, तेही मान्य. ती निघालीच मुळी बदलीच्या नोकरीतल्या लोकांसाठी, १९६३ पासून. तिथे बापाच्या गेल्या सात वर्षांतल्या बदल्या मोजून प्राधान्य देतात आणि एका केंद्रीय विद्यालयातलं पोर बापाच्या बदलीबरोबर दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात बसतं. साखळी छान आहे. पण ती छावणीपासून छावणीपर्यंत. बाप फील्डला गेला, पोरं गावाकडे आली की ती तुटते. कारण गावात केंद्रीय विद्यालय नसतं आणि फौजीची म्हातारी आई छावणीत नसते, ती गावातच असते.

आता भाषेचं बोलतो. यावर मला शिव्या पडणार, माहीत आहे. मराठी सक्तीची असावी, हे माझं ठाम मत आहे. २०२० चा कायदा झाला तेव्हा मी त्याच्या बाजूने लिहिलं होतं. पण जरा फौजीच्या पोराच्या जागी उभे राहा. तामिळनाडूने आपल्या भाषेचा कायदा २००६ मध्ये केला, पंजाबने २००८ मध्ये, कर्नाटकाने २०१५ मध्ये, आपण २०२० मध्ये. प्रत्येक राज्य आपापल्या जागी बरोबर. पण या सगळ्या बरोबरांच्या मधून एक पोर चाललंय, ज्याचा बाप यातल्या कुठल्याच राज्याच्या सांगण्यावरून हललेला नाही. माझा भाचा घरी अस्सल आपल्याकडची मराठी बोलतो. वाचतोही, कारण हिंदीची लिपी तीच. फक्त निबंध लिहिता येत नाही, कारण कुणी शिकवलाच नाही. त्याला दीड वर्ष द्या आणि एक चांगला शिक्षक द्या, तो तुमच्या शंभर टक्क्यांत बसेल. त्याला दारातूनच परत पाठवून मराठीचं काय भलं झालं? एक मराठी पोर मराठीलाच घाबरायला लागलं, एवढंच.

आणि हे कुठे चाललंय? सातारा जिल्ह्यात!

ज्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत आणि ज्याच्या नावापुढे आजही 'मिलिटरी' लागतं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये जिथे सुरू झाली. जिथे जवान निवृत्त होऊन आला की उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, डीजे लागतो, कमान उभी राहते आणि बॅनरवर जवानापेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो. ७ डिसेंबरला ध्वजदिन निधीच्या पावत्या सगळ्या कार्यालयांत फिरतात. आणि वाईट बातमी आली, तिरंग्यातली पेटी आली, की आख्खा तालुका रस्त्यावर उतरतो. खांदा द्यायला झुंबड. ते प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मी स्वतः त्या गर्दीत रडलोय.

पण माझी बहीण एसटी स्टँडवर काळी पेटी घेऊन उतरली, तेव्हा त्या पेटीला हात लावायला कोण होतं? जवान मेल्यावर त्याचं पोर सगळ्या गावाचं होतं. तो जिवंत असताना ते 'सत्राच्या मध्येच आलेलं' पोर असतं. हे मला सहन होत नाही.

सरकारला इच्छा नसते असंही नाही. अभियांत्रिकीच्या प्रवेशात आपल्याच राज्याने फौजींच्या मुलांसाठी डिफेन्स एक, दोन, तीन असे गट केलेत, अगदी बदलीवर महाराष्ट्रात आलेल्या परराज्यातल्या जवानाच्या मुलालाही त्यात जागा आहे. म्हणजे बारावीनंतर सरकारला फौजीचं पोर दिसतं. बारावीपर्यंत ते पोचलं कसं, याची चौकशी कुणी करत नाही. आणखी एक गंमत सांगतो. व्हिडिओतलं ते मोटारहोम आवडलं ना? आपल्या राज्याकडे त्याचंही धोरण आहे. कॅराव्हॅन पर्यटन धोरण, २०२१. चाकावरच्या घरातून फिरायला येणाऱ्या पर्यटकाने कुठे थांबायचं, हे आपण लिहून ठेवलंय. बदलीवर येणाऱ्या जवानाच्या पोराने कुठे बसायचं, हे लिहायचं राहिलं.

आता दोन आक्षेप येणार, त्यांना आधीच उत्तर देतो.

पहिला, 'फौजींना कॅन्टीन आहे, पेन्शन आहे, अजून किती सवलती?' बाबांनो, इथे पैसा कुणी मागितलाय? फी माफ करा असं म्हटलेलं नाही. मार्क वाढवा असं म्हटलेलं नाही. वर्गात बसू द्या, एवढंच म्हणतोय. एका जादा बाकाची किंमत काढा आणि मग सवलतीचं बोला.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, म्हणून त्याला मान देऊन उत्तर देतो. 'फक्त फौजीचंच पोर का? ऊसतोड कामगाराच्या पोराचं काय?' बरोबर आहे. दरवर्षी हंगामाला बीडकडून ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. मागे भांडी, खोपटाचा बांबू, शेळी, म्हातारी आणि तीन-चार पोरं. महाराष्ट्राचं मोटारहोम ते आहे, मंडळी. त्याचा व्हिडिओ आपण कुणाला पाठवत नाही. त्या पोरांसाठी सरकारने शिक्षण हमी कार्ड काढलंय. कल्पना तीच आहे, कार्ड दाखवा आणि वर्गात बसा. म्हणजे अमेरिकेतून काही आयात करायची गरज नाही, ही अक्कल आपल्याच फायलीत पडलेली आहे. ते कार्ड गावोगावच्या शाळेत कितपत चालतं, हे फडावर जाऊन विचारा. म्हणून मी म्हणतो, फौजीच्या पोरापासून सुरुवात करा, कारण त्याच्यासाठी सगळे पक्ष एका सुरात बोलतात. पण दार उघडलं की ते ऊसतोडवाल्याच्या पोरालाही उघडं राहिलं पाहिजे. जवानाचं नाव पुढे करून गरिबाचं पोर मागे ढकलायचं असेल तर ही पोस्ट माझी नाही असं समजा.

मागण्या स्पष्ट लिहितो, म्हणजे नंतर कुणी 'नेमकं काय हवंय' असं विचारायला नको.

१. बदलीची ऑर्डर किंवा युनिटचं पत्र दाखवलं की त्याच दिवशी तात्पुरता प्रवेश. बाकी कागदांना तीस दिवस.

२. परराज्यातल्या दाखल्यावर प्रतिस्वाक्षरीसाठी पालकाला पळवायचं नाही. शंका असेल तर शाळेने शाळेला विचारावं. पोर्टल कशासाठी आहे?

३. हा नियम नववी ते बारावीलाही, आणि अनुदानित, विनाअनुदानित सगळ्या शाळांना. वर्ग भरला असेल तर अशा मुलांसाठी दोन जागा वाढवून द्याव्यात.

४. मराठी शिकवाच. पण बाहेरून आलेल्या मुलाला पहिली दोन वर्षं वेगळी शिकवणी आणि गुणांऐवजी श्रेणी. शाळेच्या निकालाच्या टक्क्यात तो विषय धरू नका, म्हणजे संस्थाचालकांची झोप उडणार नाही.

५. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात शाळाप्रवेशासाठी एक जबाबदार माणूस आणि एक फोन नंबर. तो नंबर प्रत्येक शाळेच्या फलकावर. माझ्यासारख्या मामाच्या फोनची गरज पडू नये.

हे सगळं करायला दिल्लीला जावं लागत नाही. यातली बरीच कामं शालेय शिक्षण विभागाच्या एका शासन निर्णयात बसतात. पुढची पायरी म्हणजे राज्याराज्यांनी आपसात करार करणं. त्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला तर शोभून दिसेल. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून निघालेला आपला पोरगा कधी पंजाबात असतो, कधी आसामात. त्याची पोरं त्या त्या राज्याच्या शाळेच्या दारात उभी असतात. दुसऱ्याने आपल्या पोराला आत घ्यावं असं वाटत असेल, तर आधी आपलं दार उघडावं लागतं.

माजी सैनिक संघटनेच्या मंडळींना हात जोडून सांगणं आहे, पुढच्या मिरवणुकीत डीजेच्या आवाजाआधी हे पाच मुद्दे वाचून दाखवा. आमदार स्टेजवर असतीलच. येत्या अधिवेशनात प्रश्न विचारणार का, एवढंच माइकवर विचारा. उत्तर मी छापतो, 'हो' असो की 'नाही'.

भाचा आता शाळेत जातो. परवा मराठीच्या घटक चाचणीत २० पैकी ९ मिळाले. निबंधाचा विषय होता 'माझे वडील'. तीनच ओळी लिहिल्यात. बाईंनी खाली लाल शाईने लिहिलंय, 'अजून लिही'. लिहील तो. लिहिण्यासारखं त्याच्याकडे भरपूर आहे.

आणि दोन-एक वर्षांनी दाजींची युनिट फील्डवरून खाली येईल. पुन्हा काळ्या पेट्या भरल्या जातील. तेव्हा धाकटी सहावीत असेल. कुठल्या राज्यात, कुठल्या शाळेच्या दारात, ते आज कुणालाच सांगता येणार नाही.

तो मोटारहोमचा व्हिडिओ अजून कुणाला पाठवायचा असेल तर जरूर पाठवा. फक्त त्याच्याखाली एक ओळ लिहा: 'आपल्या गावातल्या शाळेने गेल्या वर्षी फौजीचं किंवा ऊसतोडवाल्याचं एखादं पोर मधल्या सत्रात घेतलं का?'

उत्तर माहीत नसेल तर उद्या सकाळी शाळेत जाऊन विचारून या. मीही माझ्या गावात तेच करतोय.